रिबकेची नथ आणि इतिहासाची साधने

हैदराबादच्या सालारजंग वस्तुसंग्रहालयात आलेला पाहुणा दोन ठिकाणी हटकून थांबतो. एक, तासातासाला टोले देणाऱ्या घड्याळापाशी. आणि दुसरे, एका संगमरवरी तरुणीपाशी. जोव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची ही कृती हैदराबाद संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८७६ साली रोम येथे विकत घेतली. पुढे १९५१ साली त्यांच्या घराण्याच्या संग्रहाचे सार्वजनिक वस्तुसंग्रहालय झाले आणि १९६८ साली ते मुसी नदीच्या काठावरील आजच्या इमारतीत आले. त्या साऱ्या स्थित्यंतरांत ही तरुणी तशीच खाली पाहत उभी आहे. तिच्या मुखावर तलम वस्त्र आहे आणि वस्त्राखालून नाक, ओठ, मिटत आलेल्या पापण्या स्पष्ट दिसतात. वस्त्रही दगडाचे आणि चेहराही दगडाचाच. हे कसे साधले असेल, असा प्रश्न प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो.

आजच्या भाषणात मला विचारावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. ही तरुणी कोण, तिने चेहरा का झाकला, आणि ज्या ग्रंथात तिची कथा आहे त्या ग्रंथाची साक्ष इतिहासकाराने कितपत मानावी?

तरुणीचे नाव रिबका. हिब्रू धर्मग्रंथाच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्याच पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात तिची कथा येते. यहुदी आणि ख्रिस्ती हा ग्रंथ पवित्र मानतात. त्यातील अब्राहाम आणि त्याचा पुत्र इसहाक यांना इस्लामही पैगंबर मानतो. म्हणजे या पुतळ्यासमोरून दिवसभरात जी गर्दी जाते, तीतील पुष्कळांच्या श्रद्धेशी या कथेचा कोठे ना कोठे संबंध आहे.

कथा थोडक्यात अशी. वृद्ध अब्राहामाला आपल्या मुलासाठी आपल्याच गोतातील मुलगी हवी आहे. तो आपल्या जुन्या, विश्वासू सेवकाला दहा उंट देऊन दूरच्या मुलखात पाठवितो. सेवक संध्याकाळी, बायका पाणी भरावयास बाहेर पडतात त्या वेळी, गावाबाहेरच्या विहिरीपाशी येतो. रिबका खांद्यावर घडा घेऊन येते, त्याला पाणी देते, उंटांनाही पाजते. सेवक तिला सोन्याची नथ आणि दोन कडी देतो. ती धावत आईच्या घरी जाते. भाऊ लाबान पाहुण्याला घरी आणतो. उंटांना वैरण आणि पाहुण्याला पाय धुण्यास पाणी देतो. लग्न ठरते, मुलीला दागिने व वस्त्रे आणि तिच्या आईला व भावाला मौल्यवान वस्तू मिळतात. दुसऱ्या दिवशी निघण्याची घाई होते. घरचे म्हणतात, आणखी दहाएक दिवस राहू द्या. अखेर मुलीलाच बोलावून विचारतात. ती जाण्यास तयार होते. प्रवासाच्या शेवटी सायंकाळच्या वेळी शेतात फिरणारा इसहाक दिसतो, तेव्हा ती उंटावरून उतरते आणि चेहऱ्यावर वस्त्र ओढून घेते. बेंझोनीने दगडात पकडला आहे तो हा क्षण.

आता, अब्राहाम नावाचा पुरुष खरोखर होऊन गेला किंवा नाही, या वादात आज आपण पडणार नाही. ग्रंथाबाहेरचा एकही समकालीन लेख त्याचे नाव सांगत नाही. परंतु संस्कृतीचा इतिहास लिहिणाऱ्याचे काम तेवढ्याने संपत नाही. त्याने सांगणाऱ्याचा हेतू आणि सांगता सांगता निसटलेला तपशील यांत भेद केला पाहिजे. या कथेच्या कर्त्याला ईश्वरी योजना सांगावयाची आहे. पाणी सायंकाळी भरतात, घडा खांद्यावर घेतात, पाहुण्याच्या पायांना पाणी द्यावयाचे असते आणि लग्नात मुलीच्या आईलाही वस्तू द्याव्या लागतात, या गोष्टी त्याला मुळीच पटवून द्यावयाच्या नाहीत. त्या श्रोत्यांना ठाऊक आहेत असे धरूनच तो बोलतो. जे पटविण्यासाठी सांगितले त्याची शंका घ्यावी. जे गृहीत धरून सांगितले त्याकडे कान द्यावा. इतका साधा हा नियम आहे.

राजांचे शिलालेख या कामी फारसे उपयोगी पडत नाहीत. हिब्रू राज्यांच्या शेजारी मवाब नावाचे राज्य होते. तेथील मेशा राजाचा इ. स. पू. नवव्या शतकातील शिलालेख १८६८ साली सापडला. त्यात लढाया आहेत, जिंकलेली गावे आहेत. राजाने घरोघर हौद खणण्यास सांगितल्याचेही आहे. पण त्या हौदांवर पाण्याला कोण जात होते, हे राजा सांगत नाही. ते सांगण्यास कथाच लागते. आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. यादवांचे ताम्रपट कोणास कोणते गाव दिले ते सांगतात. परंतु त्या काळचा माणूस काय खात होता, काय नेसत होता, वाटेत कोठे उतरत होता, हे आपण म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’तून शिकतो. तो ग्रंथ महानुभाव पंथाच्या श्रद्धेचा ठेवा आहे. म्हाइंभटांनी तो इतिहासकारांसाठी लिहिला नाही, आणि म्हणूनच तो इतिहासकारांच्या इतका उपयोगी पडतो.

हा नियम आपण रिबकेच्या नथीला लावून पाहू. ‘नेझेम’ हा हिब्रू शब्द नाकातल्या आणि कानातल्या, दोन्ही वलयांना लावला जातो. परंतु याच अध्यायात पुढे सेवक स्वतः हकीकत सांगतो, तेव्हा दागिना तिच्या नाकात घातल्याचे स्पष्ट म्हणतो. शिवाय वजनही दिले आहे: नथ अर्ध्या शेकेलची, दोन्ही कडी मिळून दहा शेकेलची. अर्ध्या शेकेलला हिब्रूत ‘बेका’ म्हणतात. यहूदाच्या राज्यातील, इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतील दगडी वजने उत्खननांत सापडली आहेत. त्यांवरून शेकेल सुमारे सव्वाअकरा ग्रॅमचा ठरतो. आपला जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून किंचित अधिक. म्हणजे वराकडची नथ सुमारे अर्ध्या तोळ्याची आणि कडी जवळजवळ दहा तोळ्यांची होती! लग्न ठरविणाऱ्या कोणत्याही मराठी घराला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

येथेच एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. महाराष्ट्रीय वधूचा नथीवाचून शृंगार पुरा होत नाही. परंतु आपल्याकडे नथ फार प्राचीन नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी आणि अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३८ च्या सुमारास या प्रश्नाचा शोध घेतला. प्राचीन संस्कृत वाङ्मयातील अलंकारांच्या वर्णनांत आणि प्राचीन शिल्पांत नाकातला दागिना आढळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. याचा पुरावा तर एके काळी हैदराबाद संस्थानच्याच हद्दीत होता. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात त्या चित्रांचे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्या चित्रांतील राण्या आणि दासी पाहाव्यात. केसांत मोती, कानांत कुंडले, गळ्यात हार, दंडावर केयूर, कमरेला मेखला. नाक मात्र मोकळे. पश्चिम आशियातील ग्रंथ नाकातल्या वलयाचा उल्लेख सहज करतो आणि त्यानंतर कितीतरी शतकांनी रंगविलेली अजिंठ्याची भिंत त्याविषयी मौन पाळते. नथ आपल्याकडे पश्चिमेकडून, मुसलमानी काळाच्या आगेमागे आली, हे अनेक संशोधकांचे मत या दोन साक्षींमुळे बळकट होते. तथापि ती कोणत्या वाटेने आणि कोणाच्या हातून आली, हे रिबकेची कथा सांगत नाही. साक्षीदाराला जेवढे माहीत असते, तेवढेच त्याला विचारावे.

कधी कधी तर रागाच्या भरातही उत्तम साक्ष मिळते. इ. स. पू. आठव्या शतकातील संदेष्टा यशया यरुशलेमच्या श्रीमंत स्त्रियांवर संतापला. त्यांच्या नखऱ्यांवर आणि वाजणाऱ्या पैंजणांवर त्याने कोरडे ओढले, आणि देव त्यांचे कोणकोणते अलंकार हिरावून घेईल याची यादीच दिली. त्या यादीत एकवीस वस्तू आहेत: चंद्रकोरी, कंकणे, अत्तराच्या कुप्या, ताईत, अंगठ्या, नथी, शाली, बटवे आणि असेच आणखी काही. उपदेशकाला पाप मोजावयाचे होते. पण इतिहासकाराच्या हाती एका नगरातील पेट्यांची मोजदाद आली. यांतील काही शब्दांचे नेमके अर्थ लावताना कोशकारही अडखळतात. तो अडखळणेपणाही उपयोगी आहे, कारण वस्तू नाहीशी झाली की तिचा शब्द पोरका होतो.

मात्र निसटता तपशीलही नेहमी आपण समजतो त्या काळाचा असतोच असे नाही. रिबकेच्या कथेतील दहा उंटच पाहा. परंपरा अब्राहामाला इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात, किंबहुना त्याच्याही आधी नेते. परंतु लिडार सापिर-हेन आणि एरेझ बेन-योसेफ या तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली आरावा खोऱ्यातील तांब्याच्या भट्ट्यांजवळ सापडलेल्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओझे वाहणारा माणसाळलेला उंट त्या भागात इ. स. पू. दहाव्या शतकाच्या अखेरीस आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अन्यत्र उंट याहून आधी माणसाळले असतील, असे काही पंडित म्हणतात, आणि वाद मिटलेला नाही. पण हा निष्कर्ष मानला, तर कथेतील उंट नायकाच्या काळचे नसून कथा सांगणाऱ्याच्या काळचे ठरतात. मग वर काढलेल्या तोळ्यांच्या हिशेबाकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. तो बहुधा निवेदकाच्या बाजारातला आहे. यामुळे कथा खोटी पडली असे समजण्याचे कारण नाही. आपल्या साक्षीदाराचा काळ आपल्याला कळला, एवढाच याचा अर्थ.

या बाबतीत विद्वानांनीही घाई केलेली आहे. इराकमध्ये किर्कुकजवळ नुझी येथे १९२५ ते १९३१ या काळात उत्खनन झाले आणि इ. स. पू. पंधराव्या-चौदाव्या शतकांतील मातीच्या पाट्या हाती आल्या. त्यांत भावाने बहिणीचे लग्न लावून दिल्याचे करार होते. लाबानाचा लग्नातील पुढाकार आठवून अनेक पंडितांना वाटले की रिबकेच्या कथेचा काळ सापडला. परंतु १९७४ साली टॉमस टॉम्सन आणि १९७५ साली जॉन व्हॅन सेटर्स यांनी हे सारे पुरावे पुन्हा तपासले, आणि असल्या चाली कोणत्याही एका शतकाच्या नसतात हे दाखविले. दोन ठिकाणी सारखी चाल दिसली म्हणून दोन्ही ठिकाणचा काळ एक ठरत नाही.

पुतळ्यावरील वस्त्राचीही गोष्ट अशीच आहे. त्याला हिब्रूत ‘साईफ’ म्हणतात, आणि साऱ्या हिब्रू धर्मग्रंथात हा शब्द अवघ्या तीन वेळा येतो. एकदा रिबकेच्या संदर्भात. उरलेल्या दोन्ही वेळा ‘उत्पत्ती’च्याच अडतिसाव्या अध्यायात, तामार नावाच्या विधवेच्या कथेत. तामार वाटेवर चेहरा झाकून बसते आणि तिचा सासरा यहूदा तिला वेश्या समजतो. म्हणजे एकाच ग्रंथात, एकाच वस्त्राआड एकदा लाजरी वधू आहे आणि एकदा अनोळखी वाटसरूला भलतीच वाटलेली स्त्री आहे. असुरांच्या, म्हणजे अश्शूरच्या, प्राचीन कायद्यात मात्र विवाहितेने बाहेर पडताना डोके झाकलेच पाहिजे आणि वेश्येने झाकता कामा नये, असा कडक दंडक होता. तो दंडक या कथांना लावू गेल्यास दोन्ही कथा कोलमडतात. रिबका तर परक्या सेवकाबरोबर सारा प्रवास उघड्या चेहऱ्याने करते आणि केवळ वराला पाहून पदर ओढते. पडद्याची चाल पूर्वेकडे सर्वत्र आणि सदासर्वदा एकच होती, असे समजणाऱ्यांनी हे तीन उल्लेख एकत्र वाचावेत.

हिब्रू ग्रंथांत आपल्या देशाचीही चाहूल लागते. शलमोन राजाच्या वैभवाच्या वर्णनात, दर तीन वर्षांनी येणाऱ्या जहाजांतून सोने, रुपे, हस्तिदंत, ‘कोफीम’ आणि ‘तुक्कियीम’ आल्याचे म्हटले आहे. ‘कोफ’ म्हणजे माकड. त्याचे नाते संस्कृत ‘कपि’शी जोडतात, जरी त्याच्यासारखा शब्द प्राचीन इजिप्तच्या भाषेतही आहे. ‘तुक्की’ म्हणजे मोर असे परंपरा सांगते, आणि मोराच्या पिसाऱ्याला तमिळमध्ये ‘तोकै’ म्हणतात. येथेही मतभेद आहेत. पण एस्तेरच्या पुस्तकातील एक शब्द याहून पक्का आहे. इराणी सम्राटाच्या मेजवानीच्या वर्णनात तेथील पडद्यांसाठी ‘करपास’ हा शब्द आला आहे. हा आपला कार्पास, म्हणजे मराठीतील कापूस. त्याच पुस्तकाच्या पहिल्या वाक्यात साम्राज्याची पूर्व सीमा म्हणून ‘होदू’, म्हणजे सिंधूचा प्रदेश, येतो. एस्तेर नावाची राणी इराणच्या कोणत्याही लेखात सापडत नाही, आणि ग्रंथाने सांगितलेले एकशे सत्तावीस प्रांतही तेथील लेखांशी जुळत नाहीत. तरीही पडद्याच्या कापडाचे नाव खरे आहे. राणी काल्पनिक असू शकेल. कापूस काल्पनिक नाही.

आता उलट बाजूने पाहू. ग्रंथावरून चाली समजतात. तशाच चालींवरून ग्रंथाचा प्रवासही समजतो. याचे उदाहरण आपल्याला कोकणातच मिळते. बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असे त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांच्या सणांची नावेही मराठी होती: खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफळणीचा सण. त्यांच्या आख्यायिकेनुसार दाविद रहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने त्यांच्या स्त्रियांसमोर निरनिराळे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले व पर असलेले तेवढेच वेचून घेतले. हा नियम हिब्रू धर्मग्रंथातील ‘लेवीय’ या पुस्तकात आहे. ग्रंथ हातातून सुटला होता, पण चूल त्याची आज्ञा विसरली नव्हती, असे ही आख्यायिका सांगते. इ. स. पू. दुसऱ्या शतकात सुरू झालेला हनुक्का हा सण त्यांच्यात नव्हता. त्यावरून ते त्याआधीच वेगळे झाले असावेत, असा तर्क काहींनी केला. परंतु सण मुळात नसणे आणि सण विसरला जाणे, यांत फरक करणे अवघड आहे. मौनावर उभारलेला इतिहास फार जपून उभारावा लागतो.

याच समाजासाठी १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीचा ग्रंथ, ‘हगादा’, हिब्रू व मराठीत छापला गेला. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा, आणि ती स्मरणारे हात मात्र मराठी! बेंझोनीने रिबकेला इटालियन संगमरवरी वस्त्र दिले, तसेच हे. प्रत्येक पिढी धर्मग्रंथाला आपली वस्त्रे नेसविते, आणि म्हणून ती चित्रे काढणाऱ्याच्या काळाची साधने होतात. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सारे बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. वेदशास्त्रांच्या परंपरेत वाढलेल्या या विदुषीने ज्या शब्दांत तो ग्रंथ उतरविला, तो शब्दसंग्रहही उद्याच्या इतिहासकाराचे साधन आहे.

शेवटी पुन्हा रिबकेकडे येऊ. तिला विचारले होते, हे आपण पाहिले. तिचे उत्तर हिब्रूत एका शब्दाचे आहे. मराठीतही ‘जाईन’ एवढ्या एका शब्दात ते बसते. मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी याने त्यावरून नियमच सांगितला की स्त्रीचे लग्न तिच्या संमतीवाचून करू नये. हे वाचून आनंद होतो. पण अध्याय पुन्हा वाचला म्हणजे आनंदाला मर्यादा पडते. लग्न भावाने आणि बापाने आदल्या रात्रीच ठरविले होते. सकाळी मुलीला विचारले ते एवढेच, की आज निघावयाचे की काही दिवस थांबावयाचे. प्राचीन हिब्रू स्त्री आपला पती आपण निवडीत होती, असे या कथेवरून म्हणता येणार नाही. तिला कोणी काही विचारीतच नव्हते, असेही म्हणता येणार नाही. दोन्ही म्हणण्यांच्या मधला तो एक शब्द जसा आहे तसा जपून ठेवणे, हेच इतिहासकाराचे काम आहे.

श्रद्धाळू माणसाला भीती वाटते की अशा तपासणीने ग्रंथाचे पावित्र्य कमी होईल. संशयी माणसाला वाटते की जेथे चमत्कार आहेत तेथे इतिहास कोठून असणार. दोघेही ग्रंथ मिटूनच ठेवतात, आणि दोघांच्याही हातून विहिरीवर पाणी भरणारी ती मुलगी निसटते. शिलालेखांत तिला जागा नव्हती, आणि ताम्रपटांतही तिच्यासारखीला मिळाली नाही. जी थोडी जागा मिळाली ती अशाच ग्रंथांत, आणि तीही ओझरती. हैदराबादला गेल्यावर त्या संगमरवरी तरुणीपुढे कोणी उभा राहिला, तर दगडाचे वस्त्र आरपार कसे दिसते याचे कौतुक त्याने अवश्य करावे. मात्र त्या वस्त्राआडची नथ किती वजनाची होती आणि तो चेहरा एक शब्द कधी बोलला होता, हेही त्याने मनात आणावे.